स्वयंपाकघराखालचा नाला

आमच्या विभागात एक रिवाज आहे. कुणाचाही सेमिनार झाला, प्रश्नोत्तरं आटोपली, की विभागप्रमुख गिरिधर सर खुर्चीत मागे रेलतात आणि म्हणतात, "चला, आता घर दाखवा." मग त्या स्कॉलरनं पडद्यावरच्या नकाशात आत आत शिरत आपलं स्वतःचं घर शोधून दाखवायचं. कुणाचं कन्हानच्या पुलापाशी, कुणाचं मौद्याकडे वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याजवळ. गच्चीवरची काळी टाकी दिसली की मागच्या बाकांवरून शिट्ट्या येतात. सरांचं म्हणणं, जो माणूस आपलं घर आपल्याच नकाशात ठेवून बघत नाही, त्याचा त्या नकाशावर भरवसा नाही. आम्हाला आपलं वाटायचं, समोसे यायला उशीर होतो म्हणून वेळ काढतात.

मी स्वतः कितीतरी जणांच्या घरांना हसले आहे. तरी माझ्या सेमिनारच्या दिवशी मी हे साफ विसरले. डोकंच ठिकाणावर नव्हतं हो. सकाळी बाबांशी कडाक्याचं भांडून निघाले होते.

भांडण कशावरून ते सांगायचं तर आधी माझा विषय सांगावा लागेल. घाबरू नका, थोडक्यात सांगते. शहराबाहेर हुडकेश्वरकडे शेतं मोडून प्लॉटांचे जे लेआउट पडले, त्यांच्याखाली जुने लहान लहान नाले बुजवले गेले. ते कुठून जात होते हे मी शोधते. जमिनीचे चढउतार उपग्रहाकडून मिळतात, पाणी कसं वाहील ते संगणक सांगतो. एकच गोष्ट मात्र आपल्याला ठरवावी लागते. किती जागेचं पाणी एकत्र आलं म्हणजे त्याला नाला म्हणायचं? ही हद्द लहान ठेवली की बारीकसारीक नालेही निळ्या रेघांनी उमटतात. मोठी ठेवली की फक्त नद्या आणि मोठे नाले राहतात, बाकीचे गायब. यात कुणी कुणाला चोर म्हणू शकत नाही. आपण कोणती हद्द घेतली आणि का, ते सांगता आलं की झालं. माझा अख्खा प्रबंध हेच ओरडून सांगतो की मोठी हद्द घेऊन बसू नका, लहान नाले मेलेले नाहीत, लोक त्यांच्यावर घरं बांधून राहतात.

आणि त्यातला एक नाला आमच्या स्वयंपाकघराखालून जातो.

माझे बाबा, ताराचंद गजभिये, यांचं हुडकेश्वर रोडवर मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात अर्ध्या वस्तीचे कूलर त्यांच्या दारात पडलेले असतात. दिवसभर मोटारींच्या आवाजात राहून त्यांचा आवाज असा झालाय की ते "पाणी दे" म्हणाले तरी शेजारी दचकतात. त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथं तुरीचं शेत होतं आणि लेआउटवाल्यानं मुरूम टाकून सगळं सपाट करून ठेवलं होतं. घर झालं. मग पावसाळे आले. जोराचा पाऊस लागला की गॅसच्या सिलिंडरखालून पाणी वर येतं, भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते. आईच्या गुडघ्यांनी हाय खाल्ली. शेवटी बाबांनी ठरवलं, घर विकायचं आणि दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट घ्यायचा.

इथवर ठीक. मी म्हणाले, "बाबा, घेणाऱ्याला नाल्याचं सांगा." तर ते माझ्यावर असे खेकसले, "तुहा नाला तुह्या कम्प्युटरात ठेव! घर विकाचं मले हाय, तुले नाई!" आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला नवा रंग मारला. मस्त मलईसारखा. आता याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं? मी घ्यायचा तो घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

तेव्हापासून घरात मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. ताट आपटायचं, दार आपटायचं, आई मध्ये पडली तर तिच्यावरही चिडायचं. बाबाही कमी नाहीत. ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

सेमिनारच्या आदल्या दिवशी आईनं सांगितलं की घर पसंत करणारी बाई भेटली. पुष्पलताताई रामटेके, कन्हानच्या, निवृत्त नर्स. नवरा गेलेला. आयुष्यभराची जमा या एका घरात घालणार आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन खालच्याच मजल्यावर राहणार. हे ऐकून माझं टाळकं सरकलं. अंथरुणावरची म्हातारी, त्या ओलीत! सकाळी निघताना मी चपला घालता घालता बाबांना म्हणाले, "त्या बाईला अंधारात ठेवून घर विकलं ना, तर तुमच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवणार नाही मी."

बाबा दाढी करत होते. आरशातून म्हणाले, "तू पयले तुहा सेमिनार कर. मंग मले शिकव."

बस. आणि पुन्हा गालाला साबण.

सेमिनार सुरू झाला. सबमिशनच्या आधीचा हा शेवटचा सेमिनार. यात समितीनं हो म्हटलं की प्रबंध जमा करायचा, नाही म्हटलं की घरी बसायचं. बाहेरून सुमंत सर आले होते, कडक माणूस, कधी हसत नाहीत. पण माझं बोलणं छान चाललं होतं. मी लहान हद्दीचा नकाशा लावून एकेक लेआउट दाखवत होते, सुमंत सरांचं पेन चालत होतं, गिरिधर सर मान हलवत होते. आणि तेवढ्यात दार करकरलं.

बाबा! दीक्षाभूमीवर जाताना घालतात तो पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना तेल. "जयभीम सर!" असं गिरिधर सरांना इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या पोरी खुदकन हसल्या. सेमिनार सगळ्यांसाठी खुला असतो, नोटीसच लागते तशी, त्यामुळे सरांनी "या, या, बसा" म्हणून दुसऱ्या रांगेत जागा दिली. बाबांच्या मागून एक बाई आल्या. पांढरी साडी, खांद्याला पर्स, चष्मा. बाबांनी त्यांना खुर्ची पुसून दिली आणि पडद्याकडे बोट करत काहीतरी सांगितलं. आईनं केलेल्या वर्णनावरून मी ओळखलं. पुष्पलताताई.

अरे बाप्पा. मला आधी काही सुचेचना. मग सुचलं आणि अंगाची आग झाली. हा माणूस मला दाखवायला घेऊन आला! बघा, माझी पोरगी डॉक्टर होऊन राहिली, इतकी शिकलेली पोरगी ज्या घरात वाढली ते घर काय फसवं असेल? घर विकायला मला वापरून राहिले. मी पुढचं सगळं घाईघाईत बोलले. काय बोलले आठवत नाही.

प्रश्न झाले, उत्तरं झाली. सुमंत सरांनी वही मिटली आणि चक्क म्हणाले, "काम चांगलं आहे." मला सुटल्यासारखं झालं. आणि गिरिधर सर मागे रेलले.

"चला, कामिनी. आता घर दाखवा."

पडद्यावर लहान हद्दीचा नकाशा तसाच होता. आमच्या घरापर्यंत गेलं की निळी रेघ मागच्या गल्लीतून येऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिरते आणि पुढच्या दारातून बाहेर पडते, हे मी कितीदा बघितलं होतं. मी म्हणाले, "सर, आज राहू द्या, उशीर झालाय." मागून सगळे ओरडले, "घर! घर!"

तर बाबा उठून उभे राहिले. "दाखव वं कामिनी, आपलं घर दाखव. त्याच्यासाठीच तं ताईले घेऊन आलो मी."

सगळा वर्ग हसला. प्रेमानंच हसला, बाबांचं कौतुक वाटलं त्यांना. आणि मला दिसलं की आता पुढच्या क्षणी काय होणार. रेघ दिसणार. ती बाई विचारणार, ही काय आहे? मी सांगणार, नाला आहे. ती बाबांकडे बघणार. माझे सर, माझे मित्र, ते सुमंत सर, सगळे बाबांकडे बघणार. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माझा बाप भर वर्गात चोर ठरणार, आणि मी चोराची पोरगी.

मी नकाशाकडे वळले. लहान हद्दीच्या नावापुढची खूण काढली, मोठ्या हद्दीच्या नावापुढे लावली. दोनदा बोट दाबलं, एवढंच. पडद्यावर निळ्या रेघा होत्याच, फक्त विरळ झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी आत आत शिरत गेले. हुडकेश्वर रोड, दुकान, आमची गल्ली, निळा पत्रा टाकलेली गच्ची. घर कोरडं ठणठणीत.

शिट्ट्या वाजल्या. सुमंत सरांनी मात्र मान तिरकी केली. "इथं उतार आहे थोडा. इथून काही जात नाही?"

"नाही सर," मी म्हणाले. "इथं पाणी जमा होण्याइतकं क्षेत्रच नाही. हद्दीच्या खाली राहतं."

काय वाक्य होतं! एकही शब्द चुकीचा नाही, आणि सगळं मिळून शुद्ध खोटं. सुमंत सरांनी "बरं" म्हणून मान हलवली. टाळ्या झाल्या. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांचा जीव भांड्यात पडला असेल, निदान डोळ्यांनी तरी ते मला सांगतील की वाचवलंस बाई. पण बाबा उभेच होते, तोंड अर्धवट उघडं. पडद्याकडे बघत होते. मग हळूच खाली बसले. मला आणखीच राग आला. एवढं केलं तुमच्यासाठी, आणि नाटकं कसली करता?

सगळे बाहेर व्हरांड्यात चहा-समोशावर तुटून पडले. चहाचा खर्च स्कॉलरकडे, हाही आमचा रिवाजच. दोन्ही सर आत रिपोर्ट लिहीत बसले. मी कोपऱ्यात कप घेऊन उभी होते तर पुष्पलताताई सरळ माझ्याकडे आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाई, किती छान बोलली वं तू! माह्या तं जिवावरचं ओझंच उतरवलं."

"म्हणजे?" मी म्हणाले.

"अवं, तुहे बाबा मले पयल्या दिवसापासून घाबरवून राहिले होते. म्हणे, ताई, घराखालून नाला जाते, आधीच सांगतो. स्वयंपाकघरात नेलं, म्हणे रंग मारला म्हणून भुलू नका, ओल इथवर चढते, आन् स्वतः बोट लावून दाखवलं. मी म्हटलं, नाला तं कुठी दिसत नाई. तं म्हणे, मले तोंडानं समजावून सांगता येत नाई, माह्या पोरीचा नकाशा हाय, ते चांगलं दाखवते, तिच्या सेमिनारले चला. पाहा, अन् मंगच घ्याचं का नाई ते ठरवा."

कप माझ्या हातात होता. चहा बोटांवर सांडला.

"नकाशात तं काईच नाई!" पुष्पलताताई हसत म्हणाल्या. "आता मी बिनधास्त घेते. माह्या सासूलेही तिथीच ठेवते, खालच्या खोलीत."

बाबा त्यांच्या मागेच उभे होते. इतका गरीब चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. डोकं खाजवत ते म्हणाले, "कामिनी, मले इतके वर्ष वाटे का नालाच हाय. तू बी तं तसंच म्हणे घरी."

मी सांडलेल्या चहाची बोटं पुसत राहिले.

"मंग तुह्या अभ्यासात नाई निघाला म्हणजे नसंनच," ते म्हणाले. "ते पाणी नळाच्या पाइपाचं असंन. का वं, असू शकते. पाइप जुनाच हाय." आणि मग पुष्पलताताईंना, "ताई, मी तुमाले उगाच भेव घातलं. हिच्यापेक्षा मले जास्त समजते का? हे शिकली हाय."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. चोर मी होते. त्यांनी वर्षानुवर्षं त्या पाण्यात पाय भिजवले, सिलिंडरखाली विटा लावल्या, आईला कडेनं चालवलं. आणि माझ्या दोन टिचक्यांवर विश्वास ठेवून ते सगळं खोटं मानायला तयार झाले. तेही एवढ्या आनंदानं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिथं एखादा खड्डा असता तर त्यात उतरले असते.

"चला," मी म्हणाले. "दोघंही आत चला."

"काय झालं वं?" बाबा म्हणाले.

"चला म्हणते ना!" मी ओरडलेच. अशा वेळीही मला ओरडताच आलं.

आत प्रोजेक्टर चालूच होता, पडद्यावर आमचं घर. दोन्ही सर रिपोर्टावर वाकलेले. मी काही न बोलता मोठ्या हद्दीची खूण काढली, लहान हद्दीची लावली. निळी रेघ आली. मागच्या गल्लीतून येऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिरली.

बाबा पडद्यापाशी गेले. त्यांच्या शर्टावर आमच्या गल्लीचा उजेड पडला. "हा," ते म्हणाले. "हाच. अस्साच येते तो. सिलिंडरपाशी." एक क्षणभर ते खूश झाले, खरंच खूश झाले, की आपण वेडे नव्हतो.

पुष्पलताताईंनी चष्मा नीट केला. "मंग मघाशी हे कुठी होतं?"

"मी बंद केलं होतं."

"काहून?"

याचं उत्तर माझ्याआधी बाबांना मिळालं. कसं मिळालं कोण जाणे, सकाळचं भांडण आठवलं असेल, माझं ताट आपटणं आठवलं असेल. ते माझ्याकडे वळले आणि ज्या आवाजानं शेजारी दचकतात त्या आवाजाचा कुठं पत्ता नव्हता.

"तुले वाटलं, मी ताईले फसवून राहिलो."

मी मान हलवली.

"माहं चुकलंच," ते म्हणाले. "मी म्हटलं, सेमिनारमध्ये तुह्याच हातानं दाखवू, तुलेही बरं वाटंन. घरी सांगाले पायजे होतं."

ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. एवढ्यात सुमंत सर उठून आले. हातात अजून रिपोर्ट होता. पडद्याकडे पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"कामिनी, ही रेघ मघाशी नव्हती. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात."

गिरिधर सरांनी पेन खाली ठेवलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी बाबा बोलले.

"सर, तिले काई बोलू नका. मीच सांगतलं होतं तिले सकाळी, का आपल्या घरावरची लाईन बंद ठेव म्हणून. घर विकाचं हाय ना. ते नाईच म्हणत होती. मीच बाप म्हणून जबरदस्ती केली."

पुष्पलताताई "अवं भाऊ, पण तुमीच तं..." म्हणायला लागल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले.

सुमंत सरांनी बाबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तेल लावलेले केस, इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात. नक्की कोणती जात आहे या माणसाची, घरं विकणाऱ्या लबाडाची की साध्याभोळ्याची, हे ठरवून टाकल्यासारखं. ती नजर माझ्या ओळखीची होती. रंग मारला त्या दिवसापासून घरात मी बाबांकडे अशीच बघत होते. ते जेवताना, पेपर वाचताना, आईच्या गुडघ्यांना तेल चोळताना. आणि त्यांनी ती तेव्हाही अशीच मान खाली घालून सोसली होती.

"तुमच्यासारख्या लोकांमुळे पोरांची करिअर जातात," सुमंत सर बाबांना म्हणाले. "कळतं का तुम्हाला?"

"हो सर," बाबा म्हणाले. "चुकलं माहं."

रिपोर्ट सुमंत सरांच्या हातात होता. खाली सही व्हायची राहिली होती. गप्प बसले असते तर ती झालीही असती, दोन शब्द सुनावून, बापाच्या नावावर खापर फोडून. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. पण त्यांचा हात मागे होता आणि त्या हातानं ते मला खुणावत होते, गप राह्य, गप राह्य.

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मीच खोटं बोलले."

माझा आवाज इतका बारीक निघाला की सुमंत सरांनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

मग मला ते सगळ्यांसमोर, बाबांसमोर, पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणावं लागलं.